ममताच्या गोळ्या आणि सासूचं ताक

घाटंजीच्या आठवडी बाजारात कांदेवाल्यांची ओळ संपते, तिथं कडुनिंबाखाली सत्यशीला वानखडे मार्च ते मे आंबील विकते. बाई तोंडानं फटकळ, हातानं स्वच्छ आणि मतानं पक्की. एकदा तिनं काही ठरवलं की समोर तहसीलदार येऊन उभा राहिला तरी ती बदलायची नाही. सव्वीस वर्षं तिचा शिरस्ता एकच. ज्वारीचं पीठ आदल्या संध्याकाळी ताकात कालवायचं, सकाळी मडक्यात आंबून फुगलं की शिजवायचं आणि पूर्ण निवल्यावरच त्यात रवीनं घुसळलेलं ताजं ताक, जिरं, मीठ नि ठेचलेला लसूण घालायचा. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सरळ सांगते, "थांबाचं असन तं थांब, नाही तं तिकडे रंगीत पानी भेटते, ते पे."

घरात देव नाही. छप्पन साली नवऱ्याच्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले. ही गोष्ट सत्यशीला अशी सांगते, जणू तीच काठावर उभी होती. खरं तर तिचा तेव्हा जन्मही नव्हता. अंगारा, धागा, लिंबू-मिरची यांचं नुसतं नाव काढलं तरी तिचा पारा चढतो. देव असे नदीत गेले, पण बाळंतिणीचं पथ्य मात्र घरातच राहिलं. त्याला फडक्यात बांधायचं कोणाला सुचलंच नाही. सव्वा महिना आंबट नाही, थंड नाही, कच्चं नाही. आंबट खाल्लं की टाके पिकतात, हे तिच्या लेखी दोन अधिक दोन चार इतकं सरळ होतं.

नवरा जाऊन आठ वर्षं झाली. एकुलता एक मुलगा धम्मरत्न यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत खोके बनवायच्या कारखान्यात कामाला. तो तिकडेच खोली करून राहतो, आठवड्याच्या सुट्टीला घरी येतो. म्हणजे घरात उरल्या दोघी, सत्यशीला आणि सून ममता. ममता राजूरची, कोळसा खाणीतल्या कामगाराची लेक, आणि बोलकी म्हणजे किती? हसली की तिसऱ्या घरात कळायचं. पहिले सहा महिने सासू म्हणायची, "जरा कमी बोल वं बाई, माहे कान दुखून राह्यले." नंतर तिलाच त्या आवाजाची इतकी सवय झाली की सून माहेरी गेली की हिला घर खायला उठायचं.

जानेवारीत ममताला मुलगी झाली. पोट कापून झाली. नाव ठेवलं नयन. पोर गोंडस, वजनाला चांगली, सगळं ठीक. पण टाक्यात पू झाला आणि जंतू मारायच्या गोळ्यांचा एक कोर्स झाला, मग दुसरा झाला. टाके सुकले, पण पोट बिघडलं. खाल्लं की गुडगुड, दिवसातून पाच-सहा वेळा धाव. फेब्रुवारी निम्मा झाला तसं ममताचं बोलणं कमी होत गेलं, मग हसणं गेलं, मग जेवण. पोर रडली की ती उठायची, पाजायची, परत ठेवायची. पाहायची मात्र शेजाऱ्याच्या पोरीकडे पाहावं तशी.

शेजारची एक म्हातारी म्हणाली, बाहेरचं काही लागलं असेल, उतारा टाकून पाहा.

"तुह्यावरूनच उतरून टाकतो काय?" सत्यशीला म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिनं वस्तीतली आशा कार्यकर्ती साधना हिला सोबत घेतलं आणि सुनेला एसटीनं यवतमाळला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हे मात्र तिच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं. आपल्याकडे दहातली किती घरं पहिल्या झटक्यात तिथं जातात?

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाई न करता बोलणाऱ्या. त्यांनी ममताला अर्धा तास विचारलं, मग सासूला आणि साधनाला आत बोलावलं. म्हणाल्या, "बाळंतपणानंतर असं होतं, बऱ्याच जणींना होतं. हा आजार आहे, नखरे नाहीत." सत्यशीलेनं मान हलवली. मग पोटाचा विषय निघाला. "आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात, त्यातले कितीतरी आपल्या कामाचे. त्या औषधांनी वाईटांबरोबर चांगलेही मेले असतील. पोट आणि मेंदू यांचे एकमेकांना सारखे निरोप चालू असतात. पोट बिघडलं तर मनावर परिणाम होऊ शकतो असं संशोधन करणारे म्हणतात. किती होतो, कसा होतो, हे अजून पक्कं नाही. पण दही-ताक द्या, पोटाला बरंच आहे. मनासाठी मात्र ही गोळी. अंगावर पाजत असली तरी चालेल, ते बघूनच दिली आहे. मी सांगेपर्यंत बंद करायची नाही. दीड महिन्यानं परत दाखवायला या."

यातला ताकाचा भाग सत्यशीलेनं दोन्ही कानांनी ऐकला. गोळीचा भाग आला तेव्हा ती पिशवी आवरत होती. मनाच्या दुखण्यावर ताक! अहो, सव्वीस वर्षं जिनं ताक घुसळलं तिला डॉक्टरनं ताक सांगावं, यापरता मान कोणता? एसटीत तिनं साधनाला तीनदा विचारलं, "आयकलं ना, काय म्हने ते?" साधना म्हणाली, "मावशी, मेडिकलात याच्या कॅप्सूलबी भेटते. प्रोबायोटिक म्हंतात."

"मी जित्ती असतांनी कॅप्सूल कायले?" सत्यशीला म्हणाली.

आणि ती लागली कामाला. रोज सकाळी एक गोळी आपल्या हातानं, आणि ताक तीन वेळा. तीन आठवडे झाले. ममताचं पोट होतं तसंच. साधना नयनचं वजन करायला आली तेव्हा सत्यशीला कपाळाला हात लावून बसली होती. "तीन टाईम ताक पेते पोरगी, तरी धावनं काही थांबत नाही. तुही डॉक्टरीन काही खरी नाही."

साधनाला तहान लागली होती. ती म्हणाली, "मलेबी द्या घोटभर, मावशी." सत्यशीलेनं चुलीवरून पातेलं उतरवलं. आत पिवळंधम्मक, हळद-ओवा-लसूण घातलेलं, खदखदून उकळलेलं ताक. वर वाफ.

"हे काय?" साधना म्हणाली.

"ताक. बाळंतिनीले कच्चं आंबट थंडं थोडीच देतात? सव्वा महिना झाला तरी काय, एकदा पिकलेले टाके परत पिकत नाही का?"

"टाके सुकून महिना झाला, मावशी. आन् मले एक सांगा, तुमी विरजन कढत दुधात लावता काय?"

"बयाड झाली का वं तू? कढत दुधात विरजन मरते. कोमट पाह्यजे."

"मंग यातलं नाही मेलं?"

सत्यशीलेनं पातेल्यात पाहिलं, साधनाकडे पाहिलं, परत पातेल्यात पाहिलं. साऱ्या घाटंजीला विरजणाचं शास्त्र शिकवणारी ही बाई एकवीस दिवस सुनेला जिवंत ताक म्हणून कढी पाजत होती. बाळंतीण आणि आंबट असे दोन शब्द शेजारी आले की तिचं बाकीचं शहाणपण चुलीत जात होतं. आधी तिला राग आला, मग हसू आलं. तिनं ती कढी भाताबरोबर स्वतः खाल्ली, कारण अन्न टाकायचं नाही हेही तिचं पक्कं मत होतं.

त्या दिवसापासून ममताला साधं ताक सुरू झालं. आधी अर्धी वाटी, मग एक ग्लास, मग दुपारी आंबीलही. आठ-दहा दिवसांत पोट थाऱ्यावर आलं. एका दुपारी ममतानं स्वतः होऊन भाकर मागितली, वर ठेचा मागितला. आणखी काही दिवसांनी नयनला लागोपाठ चार शिंका आल्या आणि ममता हसली. मोठ्यानं, पूर्वीसारखी. सत्यशीला तेव्हा चुलीपुढं होती. तिनं वळून पाहिलं नाही, पदर डोळ्यांना लावला आणि धुराला शिव्या दिल्या. चूल विझलेली होती.

आता इथं कावळा बसला आणि फांदी मोडली. मनाची ती गोळी खाल्ली की लगेच गुण येत नाही, महिना-दीड महिना जातो. गोळीचे दिवस भरत आले आणि नेमकं त्याच वेळी ताक कढायचं थांबलं. ताकाचा हात काही होता की नव्हता, असेलच थोडाफार. पोट सुधारलं ते तर दिसतच होतं. पण गोळीच्या वाट्याचं सगळं श्रेय सत्यशीलेनं मडक्यात ओतलं. तिची गंमत करावी तर मन होत नाही, कारण आपल्या हातानं माणूस बरं झालं असं वाटण्यासारखं सुख दुसरं नाही, आणि तिनं आयुष्यात असं सुख फार वेळा पाहिलेलं नव्हतं.

बाजारात तर काय, तोंड तिचंच. "डोकशाचं दुखनं पोटातून असते, मालूम हाये का? डॉक्टरीनबाईनं सांगतलं. माही सून पाहा, ताकावर बरी झाली." लोक ऐकायचे, एकाच्या जागी दोन ग्लास प्यायचे. जवळच्या तांड्यावरचा बळीराम दर बाजाराला यायचा. त्याचा धाकटा भाऊ रामधन वर्षभर मनाच्या गोळ्या घेत होता. बळीरामनं खोदून खोदून विचारलं. सत्यशीलेनं त्याला डबीभर विरजण दिलं, तेही फुकट.

दरम्यान ममताच्या गोळ्यांचं पाकीट संपलं. दीड महिनाही होत आला होता. सत्यशीला नयनला दूध पिताना पाहत बसायची आणि तिच्या मनात यायचं, एवढासा जीव, त्याच्या पोटात डोक्याचं औषध कशाला? पोट बरं झालं, पोरगी हसायला लागली, मग आता कायले? एका सकाळी ममतानं गोळीसाठी हात पुढे केला तेव्हा सासू म्हणाली, "मी फोनवर बोलली डॉक्टरीनबाईसंग. बंद करा म्हने आता. बरी झाली तू."

फोन झालाच नव्हता. हयातभर खऱ्याला खरं म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून हे इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. ममता म्हणाली, "बरं आई," आणि हात मागे घेतला. धम्मरत्न सुट्टीला आला, त्यालाही तेच सांगितलं. साधनानं वाटेत विचारलं, "गोळ्या सुरू हायेत ना?" तर म्हणाली, "हाव." ताकाला जाऊन गाडगं लपवणं म्हणतात ते हेच.

पहिल्या आठवड्यात ममताला गरगरायचं. सत्यशीला म्हणाली, ऊन आहे. दुसऱ्या आठवड्यात ती उगाच चिडायची. सत्यशीला म्हणाली, झोप होत नाही. तिसऱ्या आठवड्यात ती बोलेनाशी झाली. सासूनं ताकाचा एक ग्लास वाढवला, मग आणखी एक. पोट अगदी बरं, आणि पोरगी पुन्हा भिंतीकडे पाहत बसलेली. "हास ना वं जराशी," एकदा सत्यशीला ओरडलीच तिच्यावर. ममता हसली. ते हसू पाहून सत्यशीला उठून मडकं घासायला बसली.

तिला कळलं नव्हतं असं नाही. कळून चुकलं होतं. पण आता सांगायचं कोणाला? मुलाला सांगायचं की मी तुझ्याशी खोटं बोलले? साधनाला? त्या पोरीसारख्या डॉक्टरीणबाईला? आणि बाजारातल्या शंभर लोकांना? उद्या सांगू, असं म्हणत तिनं सहा दिवस काढले.

सातवा दिवस बाजाराचा. अकराच्या सुमाराला बळीराम आला, तोंडभर हसत. "मावशी, तुमचं आयकलं. रामधनच्या साऱ्या गोळ्या नालीत फेकून देल्ल्या. आता निस्तं ताक."

सत्यशीलेच्या हातातला पेला तसाच राहिला. "कवा फेकल्या?"

"काल."

"कोनं सांगतलं तुले फेकाले?"

"तुमीच तं म्हना ना, सून ताकावर बरी झाली."

बाजूला चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. कांदेवाली बिजलीबाई कान देऊन ऐकत होती. सत्यशीलेनं पेला खाली ठेवला. ती म्हणाली, आणि नेहमीच्याच खणखणीत आवाजात म्हणाली, कारण हळू बोलायची तिला सवयच नाही, "बरी नाही झाली ते. गोळ्यांनं झालती. म्या बंद केल्या आन् पोरगी परत आजारी पडली. ताकानं पोट सुदरलं, बस. तू आत्ताच्या आत्ता डॉक्टरले फोन लाव. इथंच लाव, माह्यासमोर. आजपासून गोळ्या सुरू कर."

बळीराम बघतच राहिला. पण फोन त्यानं लावला. तिकडून डॉक्टरचा आवाज ऐकू आला तशी सत्यशीला उठली. "बिजलीबाई, मडकं पाह्य वं," म्हणाली आणि भर बाजारातून घराकडे निघाली. आजवर आंबील विकायची सोडून ती कधी उठली नव्हती.

घरी पोहोचली तर दार उघडं. नयन झोळीत झोपलेली, न्हाऊ घातलेली, काजळ लावलेलं. खाटेवर तिच्या झबल्यांची नीट घडी घातलेली चळत, बाजूला लंगोटांची दुसरी चळत. ममता उंबऱ्याशी चपला घालत होती. हातात पिशवी नाही, मोबाईल नाही.

"कोठी निघाली?"

"तशीच."

"तशीच म्हंजे कोठी?"

ममतानं दुसरी चप्पल पायात सरकवली. सत्यशीलेनं दार लावलं आणि दाराला पाठ लावून खालीच बसली. "सांगतल्याशिवाय जाऊ देनार नाही तुले."

मग ममता बोलली. गेल्या कित्येक दिवसांत बोलली नव्हती तेवढं एकदम, पण आवाज सपाट, दुसऱ्याच कोणाबद्दल सांगावं तसा. "आई, पहिले मले वाटे का हे दुखनं हाये. डॉक्टरीनबाई म्हने आजार हाये, तवा मले बरं वाटलं. आजार हाये तं जाईन. मंग गोळ्या बंद झाल्या, म्हंजे मी बरी झाली. आन् बरी होऊनबी मले पोरीपाशी जावं वाटत नाही. ते रडते तं मले कान झाकून पळून जावं वाटते. म्हंजे हा आजार नाही ना. हा माहा सोभाव हाये. मी मायच वाईट हाव. अशा बाईपाशी पोरीनं काहून राहाचं? तुमी चांगलं पाहाल तिले. कपडे काढून ठेवले मी."

सत्यशीलेला बसल्या जागी धरणी फाटावी असं झालं. सुनेचं दुखणं परत आलं, एवढंच ती समजत होती. आपल्या एका खोट्यानं या पोरीच्या हातातून आजार हा शब्दच काढून घेतला, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.   ती म्हणाली, "फोन नाही केलता म्या."

"काय?"

"डॉक्टरीनबाईले. फोनच नाही केलता. त्यायनं बंद नाही करा म्हंतलं. म्या माह्या मनानं बंद केल्या आन् तुह्याजवळ खोटी बोलली. तू बरी झालीच नव्हती, पोरी. अर्ध्या वाटेवरून म्या तुले मांगं ओढलं."

ममता चपलेसकट उभी राहिली होती, तशीच.  मग तिनं विचारलं, "म्हंजे हा आजारच हाये?"

"आजारच हाये."

"म्हंजे मी वाईट नाही?"

"नाही वं माय. तू कायले वाईट? वाईट मी निघाली."

ममता मटकन खाली बसली आणि रडायला लागली. हुंदके देऊन, तोंड न झाकता, गळा काढून. दुखणं लागल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. झोळीत नयन जागी झाली आणि तिनंही सूर लावला. सत्यशीला हात पुढे करायला भ्याली. नातीला घ्यावं की सुनेला, आणि आपला हात ममताला आता चालेल का, तिला कळेना. तेवढ्यात ममताच सरकत आली आणि तिनं डोकं सासूच्या मांडीवर टेकलं. म्हणाली, "लय राग आला मले तुमचा, आई."

"येऊ दे."

"मी सांगन यायले. सारं सांगन."

"सांग. मीच सांगतो धम्मरत्नले. चाल, उठ आता."

दीडच्या एसटीनं दोघी नयनला घेऊन यवतमाळला डॉक्टरीणबाईंकडे निघाल्या. कंडक्टर आला तेव्हा सत्यशीलेनं कमरेची पिशवी सोडायला घेतली, पण गाठ इतकी घट्ट बसली होती की सुटेना. ममतानं मुलगी एका हातावर घेतली, दुसऱ्या हातानं गाठ सोडली आणि दोन तिकिटं मागितली.